पेरू ते वाटेगाव, व्हाया शिराळा

पेठ नाक्यावर शिराळ्याची एस.टी. मिळाली तेव्हा नुकतीच एक सर येऊन गेली होती. श्रावणातली सर, आली काय आणि गेली काय. गाडीत चढताना सगळ्यांच्या छत्र्या सगळ्यांच्या पायांवर गळत होत्या. आमच्या भाचेबुवांनी धावत जाऊन खिडकी पकडली, मांडीवर वही उघडली आणि डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली.

"इन्का गार्सिलासो, सेसार वायेहो, सिरो आलेग्रिया, होसे मारिया आर्गेदास, मारिओ वार्गास योसा... इन्का गार्सिलासो, सेसार वायेहो..."

शेजारच्या बाकावर एक म्हातारी बाई बसल्या होत्या. मांडीवर भाजीची पिशवी. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग न राहवून मला विचारलं, "कसला जप चाललाय म्हनायचा पोराचा?"

"जप नाही हो आजी, पेरूचे लेखक पाठ करतोय."

"पेरूचं? आमच्या परड्यात हाय की पेरूचं झाड. त्येला कशाला पायजेत लेखक?"

सगळी गाडी हसली. भाचेबुवा मात्र लाल झाले. त्यांना कुणी हसलेलं अलीकडे अजिबात खपत नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

दोस्तांनो, पेरू हा एक देश आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अँडीज पर्वताच्या कुशीत. इन्का लोकांचं मोठं साम्राज्य तिथं होतं. आपण वडापावात खातो तो बटाटा मूळचा त्याच डोंगरांतला. भाच्याच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, 'एका परदेशाचं साहित्य' असा विषय. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला इंग्लंड आलं, कुणाला रशिया, आणि याच्या नशिबी पेरू. बिचाऱ्यानं वाचनालय पालथं घातलं, माहिती गोळा केली, उच्चार विचारून घेतले. तयारी चांगली होती. पण ऐकताना मला वाटत होतं, नावं आणि सनावळ्या यांच्यापलीकडे यात काही नाही. म्हणून म्हटलं, चल, शनिवार-रविवार आजीकडे जाऊन येऊ. वाटेत तुला तुझा पेरू दाखवतो.

"शिराळ्यात?" त्यानं विचारलं.

"शिराळ्यात, आणि जरा पुढे."

आता ते कारण. माझी आई, म्हणजे याची आजी, शिराळ्याजवळच्या एका खेड्यात राहते. भाचा लहानपणी दोन-तीन वर्षं तिच्याजवळच वाढला. बोलायला शिकला तो तिच्याच तोंडून. पुढे शहरात गेला. पाचवीत एकदा वर्गात उशिरा का आलास असं विचारल्यावर हा पटकन म्हणाला, "म्या कवाच आलतो, भाईर हुबा हुतो." वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'आलतो'. मधल्या सुट्टीत 'आलतो', मैदानावर 'आलतो', वहीच्या मुखपृष्ठावर कुणीतरी पेन्सिलीनं 'आलतो'. आता तो नववीत आहे आणि असं स्वच्छ, धुतल्यासारखं मराठी बोलतो की आकाशवाणीवर शोभेल. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गेल्या वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आजीला यायचं होतं, तेव्हा यानं फोनवर तिला सांगितलं, "ये, पण तिथं कुणाशी बोलू नकोस हं."

आजी आलीच नाही. गुडघे दुखत होते म्हणाली.

*

शिराळ्याला 'बत्तीस शिराळा' म्हणतात. पूर्वी या पेट्याखाली बत्तीस गावं होती, म्हणून बत्तीस. मोरणा नदीच्या काठचं हे गाव. मोरणा पुढे वारणेला मिळते, आणि वारणा सह्याद्रीतून निघून, सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची हद्द आखत थेट सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत जाते. हरिपूर म्हणजे 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. नदीच्या शेवटाला नाटककार आणि तिच्या वरच्या अंगाला शाहीर, अशी ही गंमतशीर नदी आहे. आम्ही आज शाहिरांच्या बाजूला निघालो होतो.

स्टँडवर उतरून आधी मारुतीला गेलो. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे, १६५४ सालचा. देवळाला झरोके असे ठेवलेत की उगवत्या आणि मावळत्या सूर्याचा प्रकाश मूर्तीच्या तोंडावर पडतो, असं सांगतात. त्या दिवशी सूर्यच नव्हता, त्यामुळे खात्री करून घेता आली नाही.

पण शिराळ्याचं खरं नाव नागपंचमीमुळे. गोरक्षनाथांची गोष्ट इथं सगळे सांगतात. ते भिक्षा मागत एका घरी आले, तेव्हा घरातल्या बाई मातीच्या नागाची पूजा करत होत्या. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची कराल काय? आणि तेव्हापासून शिराळ्याला जिवंत नागाची पूजा सुरू झाली. मी लहान असताना नागपंचमीला आजीच्या खांद्यावर बसून मिरवणूक बघितली आहे. गाडगी डोक्यावर घेतलेली मंडळी, अंबामातेच्या देवळाकडे चाललेली गर्दी, ढोल, आणि फणा काढून डुलणारे नाग. आता तसं नाही. नाग हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जपलेला प्राणी. त्याला आठ-पंधरा दिवस मडक्यात कोंडायचं, गर्दीत खेळवायचं, हे त्याच्या जिवावर बेततं. न्यायालयानं जिवंत नागांच्या मिरवणुकीला आणि खेळांना मनाई केली, आणि आता नागाच्या प्रतिमेची पूजा होते. गावातल्या जुन्या माणसांना याची चुटपुट आहे. मला दोन्ही बाजू कळतात. पण नागाला विचारलं तर तो कोणती बाजू घेईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

"मामा, पण पेरू कुठंय?" भाचेबुवा अधीर झाले होते.

"आधी तू सांग. पाठ केलेलं नको, तुला आवडलेलं सांग."

देवळाच्या पायरीवर बसून त्यानं सांगितलं, आणि ते मी तुम्हाला सांगतो, कारण ते खरंच सांगण्यासारखं आहे.

इन्का लोकांकडे लिपी नव्हती. त्यांच्याकडे दोऱ्या होत्या! एका जाड दोरीला पुष्कळ बारीक रंगीत दोऱ्या लोंबायच्या आणि त्यांना गाठी मारायच्या. त्याला किपू म्हणतात. किती धान्य आलं, किती माणसं कामावर गेली, हा हिशेब गाठींत. आणि गोष्टी? त्या तोंडात. आजोबांकडून नातवाकडे. पुढे १५३०च्या दशकात स्पेनचे लोक आले, त्यांनी राज्य घेतलं आणि त्यांच्याबरोबर आली स्पॅनिश भाषा, लेखणी आणि कागद. १५३९ साली कुस्को शहरात एक मुलगा जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इन्का राजघराण्यातली. आईचे नातेवाईक जुन्या राजांच्या गोष्टी सांगत, रडत, आणि हा मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत असे. मोठेपणी तो स्पेनला गेला तो परत आलाच नाही. पण म्हातारपणी त्यानं त्या ऐकलेल्या गोष्टी लिहून काढल्या. ते पुस्तक १६०९ साली छापलं. तोच इन्का गार्सिलासो.

"म्हणजे आईच्या माहेरच्यांनी सांगितलेलं," मी म्हटलं.

"हो. क्वेचुआ भाषेत सांगितलेलं, स्पॅनिशमध्ये लिहिलेलं."

मग वायेहो. हा कवी, १८९२चा, डोंगरातल्या लहानशा गावातला, अकरा भावंडांत धाकटा. पुढे पॅरिसला गेला, फार गरिबीत राहिला आणि १९३८ साली तिथंच वारला. त्याच्या कविता कठीण आहेत, भाच्याला कळल्या नाहीत, मलाही सगळ्या कळलेल्या नाहीत. पण त्यानं मुलांसाठी एक गोष्ट लिहिली आहे, 'पाको युंके'. पाको हा मोलकरणीचा मुलगा. त्याचा शाळेतला पहिला दिवस. ज्या साहेबाच्या घरी आई राबते, त्याचाच मुलगा वर्गात आहे. तो पाकोला मारतो, ढकलतो. शेवटी पाकोनं लिहिलेला कागद चोरून त्यावर आपलं नाव घालतो, आणि बक्षीस त्या साहेबाच्या मुलाला मिळतं. पाको रडत बसतो. गोष्ट संपते. फार दुःखी आहे म्हणून प्रकाशकानं ती परत केली होती. वायेहोच्या हयातीत ती छापलीच गेली नाही, १९५१ साली छापली गेली. आज पेरूमध्ये शाळकरी मुलं ती वाचतात.

ही गोष्ट सांगताना भाच्याचा आवाज बदलला होता. पाठांतराचा सूर गेला होता. मी काही बोललो नाही. उठलो आणि म्हटलं, "चल, आता वाटेगावला."

*

वाटेगाव शिराळा तालुक्यात नाही, शेजारच्या वाळवा तालुक्यात आहे. ओळखीच्या माणसाची जीप मिळाली. रस्त्याला ऊस, मधूनच भुईमूग, डोंगराकडे भाताची खाचरं. सगळं इतकं हिरवं की डोळ्यांना थंड वाटावं. जीपवाल्यानं विचारलं, "अण्णा भाऊंच्या गावाला का?" म्हणजे आम्ही काय बघायला आलोय ते त्याला न सांगता कळलं.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ साठे, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. आईचं नाव वालुबाई. त्या काळी या समाजावर इंग्रज सरकारनं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. कुणी काही केलेलं असो वा नसो, पोलिसांपुढे हजेरी द्यायची. आणि गावात अस्पृश्यता. असा मुलगा शाळेत गेला तर त्याचं काय होणार? अण्णा भाऊ शाळेत किती दिवस गेले माहीत आहे? दीड दिवस! एक पूर्ण आणि एक अर्धा. तिथली वागणूक बघून त्यांनी जी शाळा सोडली ती सोडलीच.

"पाको युंके," भाचा हळूच म्हणाला.

हो. फक्त फरक असा, की पाको गोष्टीतला होता.

पुढे दुष्काळी दिवसांत साठे कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून पायी. वाटेगाव ते मुंबई पायी! वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं आणि पुढे चालायचं. तुम्ही नकाशा काढून बघा, मधे घाट किती लागतात ते. मुंबईत अण्णा भाऊंनी कोळसा वेचला, ओझी वाहिली, गिरणीत काम केलं. आणि वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून.

पण मुलांनो, माझं म्हणणं असं, की अण्णा भाऊ लिहायला मुंबईत शिकले तरी लेखक इथंच झाले होते. कसे ते सांगतो. या भागात पोवाडा आणि तमाशा घरोघरचा. वाटेगावपासून जवळच, याच वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष गाव आहे. तिथं १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. घरी कुलकर्णीपण, पोथ्यापुराणं, आणि यांचा जीव लावणीत! शेवटी घरदार, जातपात सगळं सोडून ते तमाशात गेले आणि 'पठ्ठे बापूराव' झाले. त्यांच्या लावण्या साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसल्या. १९४५ साली ते वारले तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. अण्णा भाऊ मुंबईहून परत गावी आले तेव्हा तेही आपल्या नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात शिरले. ढोलकी, बुलबुल, गाणं, वगातली सोंगं. माणसांना खिळवून कसं ठेवायचं, कुठं हसवायचं, कुठं गप्प करायचं, याचं शिक्षण त्यांनी तिथं घेतलं. ते दीड दिवसाच्या शाळेत कुणी दिलं नसतं, आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांच्या शाळेतही देत नाहीत.

पुढचं तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. १९४०च्या दशकात मुंबईत अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या स्टालिनग्राड शहराच्या लढाईवर पोवाडा लिहिला. विचार करा, वारणेकाठचा तरुण मुंबईच्या झोपडपट्टीत बसून व्होल्गाकाठच्या लढाईचा पोवाडा रचतो! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीनं सभाच्या सभा हलवल्या. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णनही लिहिलं. वायेहोही रशियाला जाऊन आला होता आणि त्यानंही त्यावर पुस्तक लिहिलं होतं. हे मी सांगितल्यावर भाच्यानं वहीत दोन नावांमध्ये एक रेघ ओढली.

आणि 'फकिरा'. ही कादंबरी १९५९ सालची. फकिरा हा अण्णा भाऊंच्या नात्यातलाच, खराखुरा माणूस. दुष्काळात माणसं भुकेनं मरायला लागली तेव्हा त्यानं धान्य लुटून वाटलं, इंग्रजांचा खजिना लुटला. अण्णा भाऊ जन्मले तेव्हा त्यानं बाळंतिणीसाठी ओंजळभर सुरती रुपये आणून दिले, असं सांगतात. शेवटी सरकारनं बायकामुलांना वेठीला धरलं, तेव्हा त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर झाला. ही कहाणी वाटेगावात घरोघर ठाऊक होती. अण्णा भाऊंनी ती कागदावर आणली. पुस्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलं. १९६१ साली त्याला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, १९६३ साली त्यावर चित्रपटही आला. 'वारणेचा वाघ', 'वैजयंता', 'चित्रा', 'माकडीचा माळ'... अण्णा भाऊंनी तीसवर कादंबऱ्या लिहिल्या. कितीतरी गोष्टी या खोऱ्यातल्याच. पुस्तक उघडलं की हीच गावं, हेच डोंगर, आणि माणसं बोलू लागली की इथलीच हवा.

वाटेगावात त्यांचं स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा पावसामुळे शुकशुकाट होता. भाचा अर्धपुतळ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, यांना कुणी हसलं नसेल का? बोलण्यावरून?"

"हसले असतील की."

"मग?"

मला एकदम उत्तर सुचलं नाही. म्हणून मी माझीच गोष्ट सांगितली. सातवीत असताना 'माझे गाव' या निबंधात मी लिहिलं होतं, 'आमच्या घरामागे एक वगळ आहे.' आमचे मास्तर मायाळू होते, पण त्यांनी त्या शब्दाला तांबडं वर्तुळ केलं आणि वर लिहिलं, 'ओढा'. खाली शेरा, 'ग्रामीण शब्द टाळावेत.' त्यांनी वगळ वगळली! आता तुम्हीच सांगा, वगळ म्हणजे ओढा नव्हे. ओढ्याला बरेच दिवस पाणी असतं, त्याला नाव असतं. वगळ म्हणजे पावसाच्या पाण्यानं जमीन कातरून केलेली घळ. पाऊस आला की ती धावते, पाऊस थांबला की कोरडी. आमच्या घरामागे ओढा नव्हताच. पण मी मुकाट्यानं ओढा लिहिला, आणि त्या दिवसापासून माझ्या निबंधातलं गाव माझं राहिलं नाही.

"आर्गेदास," भाचा म्हणाला.

"काय?"

"आर्गेदासचं असंच आहे." आणि मग त्या पुतळ्यासमोर, पावसात, माझ्या छत्रीत उभं राहून त्यानं मला जे सांगितलं ते त्याच्या वहीत नव्हतं. म्हणजे माहिती होती, पण अशी नव्हती.

होसे मारिया आर्गेदास १९११ साली अँडीजच्या डोंगरात जन्मला. तो स्पॅनिश बोलणाऱ्या घरातला. पण आई लहानपणीच गेली. सावत्र आईनं त्याला गड्यामोलकरणींबरोबर स्वयंपाकघरात टाकलं. ते सगळे क्वेचुआ बोलणारे. त्यांनीच याला माया लावली, गाणी शिकवली. शहरात त्या भाषेला आणि ती बोलणाऱ्यांना लोक हसायचे. हा मोठा झाला, शिकला, विद्वान झाला. लिहायला बसला तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न पडला, की ही माणसं स्वच्छ पुस्तकी स्पॅनिश बोलताना दाखवली तर ती खोटी वाटतात. मग त्यानं स्पॅनिशमध्येच क्वेचुआचे शब्द, तिची वळणं, तिची गाणी आणली. त्याची 'खोल नद्या' ही कादंबरी १९५८ची, 'फकिरा'च्या आदल्या वर्षीची. ती एका शाळकरी मुलाचीच गोष्ट आहे. वसतिगृहात एकटा पडलेला मुलगा. एक दिवस वर्गातला कुणीतरी भोवरा आणतो. त्या भोवऱ्याला नाव आहे सुम्बायू, आणि लेखक गोष्ट थांबवून चक्क सांगत बसतो, की या नावातला 'यू' म्हणजे उडताना लहान पंखांचा होतो तो आवाज! भोवरा फिरतो, गुणगुणतो, आणि त्या मुलाला पुन्हा जिवात जीव आल्यासारखं वाटतं.

"आपल्याकडे भोवरा गुणगुणतो त्याला काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

मला आठवेना. "आजीला विचार," मी म्हटलं.

आर्गेदास १९६९च्या डिसेंबरात वारला. अण्णा भाऊ त्याच वर्षी १८ जुलैला गेले. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. क्वेचुआला १९७५ साली पेरूमध्ये स्पॅनिशबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. अण्णा भाऊंचं पोस्टाचं तिकीट २००२ साली निघालं, आणि २०२२ साली मॉस्कोत परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. दीड दिवसाच्या विद्यार्थ्याचा, ग्रंथालयात!

परतताना जीपमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. तिथं ते म्हणाले, की पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर उभी नाही, ती दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. हे वाक्य पुष्कळांनी पुष्कळदा सांगितलंय. पण ते म्हणणारा माणूस शिराळ्याच्या नागपंचमीच्या शेजारी वाढलेला होता, हे मला त्या दिवशी जीपमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं. जीपवाला म्हणाला, "बरोबर हाय की. नागाला हात कुठं आस्त्यात?"

*

आजीच्या घरी पोचलो तेव्हा दिवे गेले होते. आजीनं कंदील लावला होता. "आलासा व्हय? कवाची वाट बघतीया. पाय धुवा, वाईच च्या टाकती." भाच्यानं पाय धुतले आणि थेट चुलीपुढे जाऊन बसला, वही घेऊन.

"आजी, भोवरा फिरताना आवाज करतो, त्याला काय म्हणायचं?"

"घुमतो म्हनायचं. आनि लई जोरात फिरून हालंनासा झाला की झोपला म्हनायचं."

"झोपला?"

"मग! हालत न्हाय, डुलत न्हाय. झोपलाच की."

वहीत लिहिलं गेलं. मग पावसाचे शब्द निघाले. बुरबुर वेगळी, रिपरिप वेगळी. आठ दिवस थांबत नाही ती झड. मधेच ऊन दिसलं तर उघाड. उन्हाळ्यात अवचित येतो तो वळीव. मग शेतातले निघाले. दोन्हीकडे कुंपण असलेली वाट ती पांद. पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं ते इरलं. वगळही आली, मी न सांगता. आजीला कळेना, की नातू आज हे सगळं का लिहून घेतोय. "परीक्षंला हाय का रं ह्ये?" तिनं मला विचारलं.

जेवताना भाच्यानं तिला पाको युंकेची गोष्ट सांगितली. पुस्तकी मराठीत सुरू केली होती. मधे कुठंतरी "त्यो पोरगा लई रडाय लागला" वर कधी आला ते त्यालाही कळलं नसावं. आजी भाकरी तव्यावर तशीच ठेवून ऐकत होती. भाकरी करपली.

"मग?" ती म्हणाली.

"मग काही नाही. तिथंच संपते."

"संपती कशी? त्ये पोरगं सांच्याला घरी गेलं आसंल की. आय काय म्हनली?"

"ते लिहिलेलं नाही, आजी."

"ल्हिवाय पायजे हुतं," आजी म्हणाली आणि करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. बाहेर पुन्हा बुरबुर सुरू झाली होती. मग भाच्यानं वही मिटली.

"आजी, पुढच्या शनिवारी माझं भाषण आहे. तू ये."

"म्या? नगं बाबा. तितं कुनी बोलाय लावलं तर?"

"तर बोल."

आजीनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीतलं लाकूड उगीचच पुढे सारलं.

"गाडी किती वाजता आसती?" तिनं विचारलं.